ग्रिगोरेस्कूची बैलगाडी रंगवताना

रोमानियातलं खेडं रंगवायचंय ना, मग आधी तिथला चित्रकार निकोलाये ग्रिगोरेस्कू (१८३८–१९०७) मन लावून बघ. तरुणपणी मठांत धार्मिक चित्रं रंगवणारा हा माणूस १८६१ मध्ये फ्रान्सला गेला आणि पॅरिसजवळच्या बार्बिझाँ या खेड्यातल्या चित्रकारांसोबत उघड्यावर काम करू लागला.

त्याच्या बैलगाड्यांपाशी रेंगाळ. रोमानियाच्या गवताळ प्रदेशातले बैल मुळात करडे-पांढरे. म्हणून ट्यूबमधला पांढरा तसाच थापू नकोस. सावलीत निळसर राखाडी घे, पोटाखाली धुळीवरून परतलेला पिवळसर उजेड दाखव. आधी आकाश नि रस्त्याचा उजेड पक्का कर, बैल त्यानंतर. घरं, कुंपणं दोन फटकाऱ्यांत आटप. चाकाचे आरे मोजत तर मुळीच बसू नकोस, गाडी जागच्या जागी थिजते!