वाय-फायचा पासवर्ड गेटबाहेर गेलाय

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात वाय-फायला एकच पासवर्ड आहे आणि तो गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवरही माहीत झालाय. प्राचार्य म्हणतात, प्रत्येकाच्या फोनचा मॅक ॲड्रेस (वाय-फायवरचा ओळख क्रमांक) नोंदवा, बाकीचे फोन बंद. करू का?
— प्रयोगशाळा सहायक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सर, नका करू. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वाय-फायला खरा मॅक न देता वेगळाच देतात. सेटिंग बदललं की तोही बदलतो आणि तुमची यादी वाया जाते. शिवाय दुसऱ्याचा मॅक उचलून वापरणं अवघड नाही.

तुम्हाला हवंय ते ८०२.१एक्स, म्हणजे ‘डब्ल्यूपीए२-एंटरप्राइज’. प्रत्येकाला स्वतःचा आयडी-पासवर्ड, आणि तपासणीला रेडियस सर्व्हर, म्हणजे ते आयडी-पासवर्ड पडताळणारा कॉम्प्युटर. त्यासाठीचं फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स टाकून व्यवस्थित चालतं. ॲक्सेस पॉइंटमध्ये (वाय-फाय पसरवणाऱ्या डबीत) सर्व्हरचा आयपी, पोर्ट १८१२ आणि शेअर्ड सीक्रेट (डबी आणि सर्व्हर यांच्यातला गुप्त शब्द) भरा. सीक्रेट लांबलचक ठेवा. फ्रीरेडियसच्या उदाहरणातलं ‘टेस्टिंग१२३’ तसंच ठेवलेलं मी पाहिलंय.

कॉलेजच्या मालकीच्या लॅपटॉपना ईएपी-टीएलएस ही पद्धत द्या. त्यात लॅपटॉपमध्ये सर्टिफिकेट, म्हणजे डिजिटल ओळखपत्र असतं, चोरायला पासवर्डच नसतो. मुलांच्या फोनांत एकेक सर्टिफिकेट घालणं तुम्हा एकट्याला झेपणार नाही, तिथे आयडी-पासवर्डवरची पीईएपी पद्धत चालेल. प्रिंटर आणि कॅमेरे यातलं काही जाणत नसतील, तर त्यांना मॅकवरच आत घ्या, पण वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे त्याच वायरिंगवरच्या स्वतंत्र नेटवर्कात. तिथून ऑफिसच्या कॉम्प्युटरकडे वाट नको.

खरी मेख पीईएपीत आहे. अँड्रॉइडवर जोडताना ‘सीए सर्टिफिकेट’ आणि ‘डोमेन’ असे रकाने येतात; समोरचा सर्व्हर खरंच कॉलेजचा आहे का, हे फोन त्यांवरून तपासतो. घाईत मुलं ‘डू नॉट व्हॅलिडेट’ (तपासू नका) निवडतात. मग एसटी स्टँडवर कुणी तुमच्याच नावाचं वाय-फाय उघडलं, तरी फोन त्याच्याशी बोलायला लागतो. पीईएपीच्या आत पासवर्ड पडताळायला सहसा एमएस-चॅप व्ही२ ही पद्धत असते; तिच्या हाती लागलेल्या देवाणघेवाणीतून पासवर्डची किल्ली काढता येते, हे २०१२ मध्येच जाहीरपणे दाखवून झालंय. तोच पासवर्ड कॉलेजच्या ईमेललाही असेल तर नुकसान वाय-फायपुरतं राहत नाही. अँड्रॉइड ११ पासून काही फोनांवर ‘डू नॉट व्हॅलिडेट’ हा पर्यायच काढलाय; ती मुलं ‘जोडलंच जात नाही’ म्हणत येतील. त्यांच्यासाठी दोन्ही रकान्यांत नेमकं काय भरायचं, ते स्क्रीनशॉटसह नोटीस बोर्डावर लावा.

सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती संपली की नीट तपासणारे सगळे फोन एकाच दिवशी बाहेर पडतात. सुरुवात स्टाफरूमच्या एकाच ॲक्सेस पॉइंटवर करा, आणि बारावीचे परीक्षा अर्ज भरून होईपर्यंत जुनं वाय-फाय बंद करू नका.