गाडीची काच धुण्याच्या पाण्याची टाकी भरण्यापूर्वी

बॉनेट उघडल्यावर आधी झाकणावरची खूण शोधा. वाहनाची पुढची काच आणि तिच्यावर उडणारे पाण्याचे फवारे असे चित्र ज्या झाकणावर असेल, तीच वॉशरची, म्हणजे काच धुण्याच्या द्रवाची टाकी. शेजारीच कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची टाकी असू शकते आणि नवख्या माणसाची गफलत नेमकी तिथे होते. कूलंटच्या टाकीवर बहुधा किमान व कमाल पातळीच्या रेषा असतात, आणि इंजिन तापलेले असताना तिचे झाकण उघडल्यास उकळते द्रव दाबाने उसळून गंभीर भाजू शकते. म्हणून खात्री नसेल तर वाहनाची पुस्तिका पाहिल्याशिवाय कोणत्याही झाकणाला हात लावू नका.

भरण्यासाठी तयार वॉशर द्रवच वापरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जड पाण्यातील क्षार फवाऱ्याच्या बारीक छिद्रांत साचतात, भांड्यांच्या साबणाचा फेस काचेवर पसरून समोरचे दिसेनासे होते, आणि कडाक्याच्या थंडीत साधे पाणी गोठून टाकी वा नळी फुटू शकते. द्रव संहत, म्हणजे पाणी मिसळून वापरायच्या तीव्र स्वरूपातील असेल, तर बाटलीवरील प्रमाणानुसारच पाणी मिसळावे. नरसाळ्याने सावकाश ओता व झाकण घट्ट बसवा. काही द्रवांत विषारी मिथेनॉल असते, त्यामुळे उरलेली बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. टाकी रिकामी असताना फवारा चालवत राहिल्यास पंप कोरडा फिरून खराब होतो, तेव्हा द्रव संपण्याची वाट पाहू नका.