टर्मिनलमधूनच एका यूजरवरून दुसऱ्या यूजरवर कसे जावे?

आपल्या लिनक्स संगणकावर ‘घर’ आणि ‘काम’ अशी दोन खाती आहेत, ‘घर’ खात्यातून टर्मिनलवर ‘एसयू काम’ ही कमांड दिल्यावर पासवर्ड मान्य झाला, पण फोल्डर जुनाच राहिला, फाइल साठवताना परवानगी नाकारली गेली आणि ब्राउझर तर उघडलाच नाही, असे आपण लिहिले आहे. यातल्या पहिल्या दोन अडचणी एका राहून गेलेल्या डॅशमुळे आलेल्या आहेत. तिसरी मात्र एसयूच्या आवाक्याबाहेरची आहे. (कमांड मी उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टाइप करताना त्या रोमन अक्षरांत द्याव्यात, वेगळे सांगितले नसेल तेथे अक्षरे लहान लिपीत ठेवावीत, आणि शब्दाच्या मधली जोडरेघ केवळ उच्चारासाठी आहे, ती ‘लिस्ट-सेशन्स’ सोडून कोठेही टाइप करू नये.)

एसयू ही १९७१ सालच्या पहिल्या युनिक्सपासून चालत आलेली कमांड आहे. ती आपले चालू शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम, बदलत नाही. त्याच खिडकीत दुसऱ्या यूजरच्या नावाने एक नवे शेल सुरू करते आणि जुने शेल मागे थांबून राहते. सामान्य यूजरला दुसऱ्याच्या नावाने प्रक्रिया सुरू करता येत नाही, मग एसयूला ते कसे जमते, हे पाहायचे असेल तर ‘एलएस -एल’ देऊन तिच्या फाइलच्या परवानग्या पाहाव्यात. मालकाच्या जागी रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, दिसेल आणि जेथे एक्स (चालवण्याची परवानगी) असायला हवे तेथे एस दिसेल. या एसमुळे ती कमांड कोणीही चालवली तरी रूटच्या अधिकाराने चालते, पासवर्ड तपासते आणि मगच आपल्याला हव्या त्या यूजरच्या स्वाधीन करते.

आता डॅशचा मुद्दा. नुसते ‘एसयू काम’ दिले की यूजरचे नाव, होम आणि शेल एवढेच बदलते. आपण ज्या फोल्डरमध्ये उभे होता तो फोल्डर आणि पाथसकट (म्हणजे कमांड कोणत्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीसकट) बाकीचे वातावरण जुन्या खात्याचेच राहते. खात्री करून पाहावी: ‘हू-अ‍ॅम-आय’ हे शब्द सलग, मध्ये जागा न सोडता दिल्यास उत्तर ‘काम’ येईल, पण ‘पीडब्ल्यूडी’ दिल्यास उत्तरात ‘घर’चाच फोल्डर दिसेल. म्हणजे आपण नावाने ‘काम’ झालात आणि उभे मात्र ‘घर’च्या अंगणात आहात, तेथे लिहिण्याची परवानगी ‘काम’ला नसल्यामुळे फाइल साठवली गेली नाही. याउलट ‘एसयू - काम’, म्हणजे मध्ये जागा, डॅश, पुन्हा जागा, असे दिल्यास जुने वातावरण पुसले जाते, ‘काम’ची प्रोफाइल फाइल वाचली जाते आणि आपण थेट त्याच्या होम फोल्डरमध्ये पोचता. परत येण्यासाठी ‘एक्झिट’ द्यावे. परत येण्यासाठी पुन्हा ‘एसयू - घर’ देण्याची सवय अनेकांना असते, पण त्याने शेलवर शेल चढत जाते आणि शेवटी खिडकी बंद करताना कोण कोणाच्या आत आहे हेच कळेनासे होते.

डॅश न देण्याची किंमत मी स्वतः मोजली आहे. एकदा प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये असताना मी एक पॅकेज बसवण्यापुरता डॅशशिवाय रूट झालो, ते विसरलो आणि त्याच खिडकीत ‘मेक’ (प्रकल्पाच्या फाइलींतून प्रोग्रॅम तयार करणारी कमांड) चालवून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी माझ्याच फोल्डरमधल्या फाइली मलाच बदलता येईनात. बराच वेळ डिस्कवर संशय घेतल्यावर ‘एलएस -एल’ दिले, तर तिसऱ्या रकान्यात ओळीने रूट, रूट, रूट. ‘सीएच-ओन -आर’ ने (येथे आर मोठ्या लिपीतला) मालकी परत घेतली आणि प्रश्न मिटला. डॅश दिला असता तर मी रूटच्या होममध्ये गेलो असतो आणि ‘मेक’ला तेथे करण्यासारखे काही सापडलेच नसते.

एसयूला ज्या खात्यात जायचे त्याचा पासवर्ड लागतो. सुडूला (स्पेलिंग एस, यू, डी, ओ; यादीतल्या यूजरला दुसऱ्याच्या नावाने कमांड चालवू देणारी कमांड) आपला स्वतःचा लागतो, पण त्यासाठी आपले नाव सुडूच्या यादीत असावे लागते. उबुंटूवर ‘सुडू’ आणि फेडोरावर ‘व्हील’ नावाच्या ग्रुपमध्ये असणे पुरते. ‘सुडू -यू काम -आय’ दिल्यास ‘एसयू - काम’ सारखाच परिणाम मिळतो. पासवर्ड कोणाला सांगावा लागत नाही आणि कोणी कोणती कमांड दिली याची नोंद राहते, म्हणून एकाहून अधिक माणसे वापरतात त्या यंत्रावर मी सुडूच सुचवेन. उबुंटूवर रूटचा पासवर्ड मुळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे तेथे नुसते एसयू देऊन रूट होता येत नाही, यात बिघाड काही नाही.

ब्राउझरचे कारण वेगळे आहे. पडदा, कळफलक आणि आवाज हे ज्याने पडद्यावर लॉगिन केले त्याच्या सेशनच्या, म्हणजे लॉगिनपासून लॉग-आउटपर्यंतच्या सत्राच्या, मालकीचे असतात आणि एसयू सेशन बदलत नाही. संपूर्ण सेशनच बदलायचे असेल तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून दुसऱ्या कन्सोलवर ‘काम’ने लॉगिन करावे. आधीपासून दोन्ही सेशन चालू असतील तर ‘लॉगिन-सीटीएल लिस्ट-सेशन्स’ त्यांचे क्रमांक दाखवते आणि ‘लॉगिन-सीटीएल अ‍ॅक्टिव्हेट’ पुढे हवा तो क्रमांक दिला की पडदा त्या सेशनकडे जातो. एसयूनंतर ‘सिस्टिम-सीटीएल --यूजर’ (यूजरच्या पार्श्वभूमीतल्या सेवा हाताळणारी कमांड) चालत नाही यामागेही सेशनचेच कारण असते. विंडोजवर कोणी हे शोधत असेल तर तेथे ‘रन-अ‍ॅज’ कमांड दुसऱ्या यूजरच्या नावाने एखादा प्रोग्रॅम उघडून देते. तिचा पासवर्ड साठवणारा पर्याय मात्र टाळावा, कारण मग त्या खात्याने कोणालाही काहीही चालवता येते.

आपल्या प्रश्नावरून असे वाटते की खाते बदलण्यापेक्षा काही फाइली दोन्ही खात्यांतून वापरता येणे ही आपली खरी गरज आहे. तसे असेल तर ‘ग्रुप-अ‍ॅड’ ने एक सामाईक ग्रुप करावा, ‘यूजर-मॉड -एजी’ ने दोन्ही खाती त्यात घालावीत, आणि दोघांच्याही होमबाहेर एक फोल्डर करून तो त्या ग्रुपच्या नावे करावा व त्याला ‘सीएच-मॉड २७७०’ द्यावे. यातला पहिला २ असा की त्या फोल्डरमध्ये तयार होणारी प्रत्येक नवी फाइल आपोआप त्याच ग्रुपची होते. दुसऱ्या खात्यातून ती बदलताही यावी यासाठी दोन्ही खात्यांत ‘यू-मास्क’ (नव्या फाइलींतून कोणत्या परवानग्या वगळायच्या ते ठरवणारा आकडा) ००२ ठेवावा. एजीमधला ए लहान आणि जी मोठा, आणि ए कधीही गाळू नये. तो गाळल्यास खाते बाकीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून, सुडूच्या ग्रुपमधूनसुद्धा, बाहेर पडते. आधीपासून उघड्या असलेल्या शेलला नव्या ग्रुपचा पत्ता नसतो, म्हणून हे सर्व झाल्यावर ‘एसयू - काम’ नव्याने द्यावे आणि ‘आयडी’ देऊन ग्रुपचे नाव यादीत आल्याची खात्री करावी. ‘घर’ खात्यासाठी मात्र एकदा लॉग-आउट करून पुन्हा लॉगिन करावे लागेल.