कोचचा पगार कुलगुरूंपेक्षा जास्त, मग तिथे शिकवतात तरी काय?

ताई, अमेरिकेतल्या मोठ्या सरकारी विद्यापीठात मुलीला प्रवेश मिळालाय, पण तिथल्या फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू घेऊन खेळतात तो) कोचचा पगार कुलगुरूंच्या कितीतरी पट आहे हे वाचून तुम्ही धास्तावलात. मी अशाच एका विद्यापीठात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

शिकवण्याची काळजी सोडा. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये १,०७,००० माणसं बसतात आणि तिथलं संशोधनही अव्वल आहे. तिकिटांचा आणि टीव्हीचा पैसा बहुतेक खेळ खात्यातच फिरतो. त्यावर कुस्ती, पोहणं असे खेळ जगतात. लहान-मध्यम विद्यापीठांत मात्र उलटं असतं. खेळ खात्याची तूट अनेकदा सगळ्या विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जाते. फीच्या पत्रकात ॲथलेटिक्सचा वेगळा आकडा आहे का, ते आधी बघा.

माझा जीव तुटतो तो खेळणाऱ्या मुलांसाठी. माझ्या वर्गात एक बास्केटबॉलपटू होता. रात्रीचा सामना, पहाटे विमानाने परत, आठच्या तासाला हजर. पायाला बर्फाची पिशवी बांधलेली, हातात पेन, आणि वहीवर अर्धवट सुटलेलं गणित. पोरगा हुशार होता. त्याला इंजिनिअरिंग घ्यायचं होतं, पण प्रॅक्टिकलच्या वेळा सरावाशी जुळेनात, म्हणून सल्लागाराने त्याला दुसऱ्याच विषयाकडे वळवलं. ते मला आजही खुपतं.

१९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका कॉलेजचा खेळाडू रे डेनिसन फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागून गेला. तो कॉलेजचा कामगारच होता, असं म्हणून पत्नीने भरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली, कारण कॉलेज फुटबॉलचा धंदा करत नाही, असं ठरलं. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालाने सामने टीव्हीवर विकायचे हक्क विद्यापीठांना मोकळे झाले आणि पैशाचा पूर आला, पण खेळाडूंना जाहिरातींतून कमवायची मुभा मिळायला जुलै २०२१ उजाडलं. विद्यापीठांनी त्यांना थेट पैसे द्यायची वाट जून २०२५ मध्ये कोर्टातल्या तडजोडीने मोकळी झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. हे फार आधी व्हायला हवं होतं.

पैसे आले, वेळ मात्र आणखी गेला. टीव्हीच्या करारांपायी २०२४ पासून पश्चिम किनाऱ्यावरचं लॉस एंजेलिसचं यूसीएलए विद्यापीठ आणि पूर्व किनाऱ्यावरचं न्यू जर्सीचं रटगर्स विद्यापीठ सामन्यांच्या एकाच गटात आहेत. व्हॉलीबॉलच्या मुलींनाही देश ओलांडून जावं लागतं, ऐन सत्रात.

याला नकार देता येतो. १९३९ मध्ये शिकागो विद्यापीठाचे प्रमुख रॉबर्ट हचिन्स यांनी फुटबॉल बंद केला. त्याच रिकाम्या पडलेल्या स्टॅग फील्डच्या गॅलरीखाली २ डिसेंबर १९४२ ला पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया झाली. १९६९ मध्ये त्या विद्यापीठात फुटबॉल परत आला आणि आजही आहे, खेळासाठीच्या शिष्यवृत्त्यांशिवाय.

मुलीला जरूर पाठवा. आणि तिच्या वर्गात असा दमलेला खेळाडू असला, तर त्याला तासाच्या नोट्स द्यायला तिला सांगा. आमच्या त्या पोराला शेजारच्या बाकावरच्या मुलीच्या वहीनेच तारलं होतं.