कौलारू सभामंडप उपरा नव्हे

प्रश्न : आमच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. सभामंडप लाकडी खांबांचा आणि कौलारू आहे. काही मानकऱ्यांच्या मते हे छप्पर केवळ गरिबीमुळे आले. ते उतरवून स्लॅब टाकावा आणि अंबरनाथासारखे शिखर उभारावे. हे योग्य ठरेल काय?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : अंबरनाथचे शिवमंदिर कोकणातलेच आहे, शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले ते भूमिज शैलीचे (शिखरावर लहान शिखरांच्या ओळी रचण्याची पद्धत) देऊळ उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या राजाश्रयाने आणि सूक्ष्म कोरीवकाम पेलणाऱ्या काळ्या पाषाणात घडले. आपल्या सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, मात्र जांभा हा तांबडा सच्छिद्र दगड आहे. खाणीतून निघताना तो सहज तासता येतो आणि हवा लागली की टणक होतो, परंतु अंगभर छिद्रे असल्यामुळे त्यावर नाजूक मूर्तिकाम उतरत नाही. म्हणून गवंड्याने भिंती चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या तासलेल्या ठोकळ्यांच्या, साध्या ठेवल्या आणि कोरीवकाम सुताराकडे, खांबांवर व तुळयांवर गेले. याला गरिबी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

छपराचा आकार पावसाने ठरवला आहे. वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलायचा, तर उतार तीव्र हवा आणि पाखे भिंतीबाहेर लांब यायला हवीत, म्हणजे पागोळ्या चिऱ्यांपासून दूर पडतात. आज दिसणारी मंगळुरी कौले मात्र फार जुनी नव्हेत; बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेने मंगळुरात १८६५ च्या सुमारास कारखाना काढल्यानंतर ती किनाऱ्यावर पसरली, त्याआधी नळीची कौले किंवा गवताची शाकारणी असे. तेव्हा कौले बदलली म्हणून मंडप नवा ठरत नाही. शिवाय गावऱ्हाटीची (गावाच्या परंपरागत कारभाराची) बैठक, देवाला कौल लावणे म्हणजे त्याची अनुमती विचारणे, जत्रेतला दशावतार हे सारे ज्या मोकळ्या मंडपात चालते, तो देवळाचा प्राण आहे. त्याला उपरे बांधकाम समजू नये.

स्लॅबचा भार जुन्या चिऱ्यांच्या भिंतींवर पडेल. बाहेर पाखे राहिली नाहीत, तर पाऊस थेट भिंतींवर येईल आणि सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल कोंडून राहील. त्यापेक्षा प्रत्येक खांबाचा तळखड्याजवळचा (खांबाखालच्या दगडाजवळचा) भाग प्रथम तपासून घ्यावा, कुजलेला तेवढाच तुकडा त्याच जातीच्या लाकडाने सांधावा, चिऱ्यांमधल्या दर्जा (सांधे) भरताना चुना वापरावा आणि दरवर्षी मृगाआधी कौले परतण्याची जबाबदारी मानकऱ्यांनी वाड्यांमध्ये वाटून द्यावी. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कोरीव तुळईचे छायाचित्र आणि मोजमाप करून ठेवावे.