नवीन कॉम्प्युटर घेतलास, आता एवढं सांभाळ

आपल्याकडे खानापूर भागात पावसाळ्यात लाईट कशी जाते-येते, तुला माहीतच आहे. म्हणून पहिला खर्च यूपीएसचा कर, म्हणजे लाईट गेली तरी थोडा वेळ मशीन चालू ठेवणाऱ्या बॅटरीच्या डब्याचा. अँटिव्हायरस विकत घ्यायची घाई नको. विंडोजमध्ये डिफेंडर असतोच, घरच्या वापराला तो पुरतो. चालू आहे ना, एवढं बघत जा.

अपडेट मात्र टाळू नकोस. चोर शिरतो तो जुन्या भोकातूनच, अपडेट ते भोक बुजवतं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा मशीन सेकंडहँड असेल तर त्यावर 11 चालतं का ते तपास.

गेल्या गणपतीत काकूंच्या स्क्रीनवर लाल पाटी आली: कॉम्प्युटर लॉक झालाय, या नंबरवर फोन करा. भोंगा वाजत होता, काकूंचा हात थरथरत होता, नंबर लावतच होत्या. मी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडला, ब्राउझर बंद केला. पाटी गेली. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेव. पैसे गेलेच तर लाजू नकोस, तासाभरातच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव.

शेताचा उतारा, मार्कलिस्ट, लग्नाचे फोटो वेगळ्या हार्ड डिस्कवर घे आणि ती काढून कपाटात ठेव. लावलेलीच राहिली तर व्हायरस तिलाही खातो.

मशीन रडतखडत चालायला लागलं, तर आधी स्टार्टअपमधले, म्हणजे मशीन सुरू होताच आपोआप चालू होणारे, नको ते प्रोग्राम बंद कर. आत जुनी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी, म्हणजे नव्या पद्धतीची वेगवान डिस्क बसव, फरक लगेच कळेल.