भेगाळणारी जमीन, फुटणारा रस्ता आणि मुलीचे एम.टेक.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील कापूस पिकविणारा शेतकरी आहे. माझी मुलगी स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून, काळ्या मातीवरील रस्ते का फुटतात या विषयात एम.टेक. आणि पुढे संशोधन करण्याचे तिच्या मनात आहे. आमच्या गावचा रस्ता तीन पावसाळ्यांत तीनदा दुरुस्त झाला. तेथूनच हा विषय तिच्या डोक्यात बसला असावा. मातीच्या परीक्षा करून पोट भरेल काय? की तिने सरळ सरकारी अभियंत्याच्या परीक्षेची तयारी करावी?

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपली काळजी रास्त आहे, म्हणून पैशाचे आधी सांगतो. ‘गेट’ ही परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दोन वर्षे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. पुढे पीएच.डी.साठी कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळाली, तर सध्याच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये व घरभाडे भत्ता मिळतो. म्हणजे शेत गहाण टाकून शिकवावे लागेल असे हे शिक्षण नाही. मात्र पदवीनंतर पाच-सहा वर्षे स्थिर पगाराची वाट पाहावी लागते, आणि ही वाट पाहण्याची घरच्यांची तयारी आहे की नाही हे आपण दोघांनी तिच्यासमोर मोकळेपणाने बोलून घ्यावे. सरकारी सेवेचा मार्ग यामुळे बंद होत नाही, कारण मृद्‌यांत्रिकी, महामार्ग अभियांत्रिकी आणि जलशास्त्र हे विषय दोन्हीकडे बव्हंशी तेच आहेत.

आता विषयाकडे येतो. आपली भारी काळी जमीन बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली आहे आणि तिच्यातील माँटमोरिलोनाइट या चिकणखनिजाचे कण पापुद्र्यांसारखे एकावर एक रचलेले असतात. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, त्यामुळे माती फुगते. उन्हाळ्यात तेच पाणी निघून गेले की ती आकसते आणि धुऱ्यावर आपण पाहता तशा, गुराचा पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात. या खनिजाच्या एका ग्रॅमचे आतले-बाहेरचे मिळून पृष्ठफळ सुमारे ८०० चौरस मीटरपर्यंत भरू शकते, यावरून चिमूटभर माती किती पाणी धरून ठेवत असेल याची कल्पना यावी. कपाशीला जो गुण पावसाच्या खंडात तारतो, तोच रस्त्याच्या मुळावर येतो.

रस्ता फुटण्याची रीत मात्र थोडी वेगळी आहे आणि ती आपल्या मुलीने नीट समजून घ्यावी. डांबराखालची, रस्त्याच्या मध्यभागची माती झाकलेली असल्यामुळे तिच्यातील ओलावा वर्षभर फारसा बदलत नाही. साईडपट्टीखालची माती मात्र मे महिन्यात कोरडी ठाक होते आणि ऑगस्टमध्ये चिंब भिजते. मधला भाग स्थिर आणि कडा वर-खाली होणाऱ्या, अशा ओढाताणीत कडेला समांतर लांबच लांब चीर पडते, पुढच्या पावसाचे पाणी तीतून आत उतरते आणि मग चाकाखाली रस्ता दबतो. गावाकडचा रस्ता बहुधा ३.७५ मीटर किंवा त्याहूनही अरुंद असतो. त्यामुळे ट्रॅक्टरचे आणि उसाच्या किंवा कापसाच्या गाडीचे चाक नेमके त्या अस्थिर कडेजवळूनच जाते. नाली बुजलेली असेल किंवा कडेला मोठी बाभूळ पाणी ओढत असेल, तर हे अधिकच लवकर घडते. तीनदा झालेल्या दुरुस्तीत वरचे डांबर बदलले गेले असेल आणि खालची माती व बाजूची नाली तशीच राहिली असेल, तर चौथी दुरुस्ती ठरलेली आहे.

यावर उपाय माहीत नाहीत असे नाही. चुना मिसळून माती स्थिर करणे ही जुनी पद्धत आहे. साधारण ३ ते ६ टक्के चुन्याने मातीची फुगवण कमी होते आणि ताकद वाढते. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर देण्याची पद्धत अभ्यासाने मांडली आणि ती कालव्यांच्या अस्तरीकरणात वापरली गेली. कोराडी, खापरखेडा आणि चंद्रपूर येथील वीज केंद्रांची राखही चुन्याबरोबर वापरता येते.

येथे मला एक स्पष्ट मत नोंदवावेसे वाटते. अनेक वर्षे मी अभियांत्रिकीच्या मुलांचे प्रकल्प-अहवाल वाचत आलो आहे आणि त्यांतील मोठा भाग एकाच साच्याचा असतो: काळी माती घ्यायची, तीत राख, भुशाची राख किंवा प्लॅस्टिकचे तुकडे ५, १०, १५ टक्के मिसळायचे, सीबीआर (मातीची भार पेलण्याची ताकद मोजणारी) चाचणी करायची आणि अमुक टक्क्याला सर्वांत चांगला निकाल आला असे लिहायचे. पदवीसाठी हे पुरते, परंतु आपल्या मुलीचे संशोधन इथेच संपणार असेल तर दोन वर्षे खर्च करू नयेत असे मी म्हणेन. प्रयोगशाळेत मातीचा नमुना चार दिवस पाण्यात ठेवतात. रस्त्याखालची माती मात्र वर्षानुवर्षे भिजत आणि वाळत राहते. सुरुवातीला उत्तम दिसणारे मिश्रण अनेक ओल्या-कोरड्या फेऱ्यांनंतर कसे वागते, हा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याला शेतात, रस्त्याच्या कडेला बसून मोजणारा माणूस लागतो. शहरातून आलेल्या संशोधकाला अशा जागेसाठी परवानगी, मुक्काम आणि वाहन यांची जुळवाजुळव करावी लागते. आपल्या मुलीची ती जागा घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे.

आपल्या भागाजवळचे आणखी एक उदाहरण देतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात चोपण, म्हणजे सोडियमचे प्रमाण जास्त असलेल्या, जमिनी आहेत. मातीकणांना सोडियम चिकटलेला असला की फुगवण वाढते. शेतकरी अशा जमिनीत जिप्सम टाकतात, कारण त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेते; रस्त्याखाली चुना टाकण्यामागेही हेच रसायन काही अंशी काम करते. पण जिप्सममध्ये सल्फेट असते आणि चुना घातलेल्या मातीत सल्फेट पुरेसे असेल, तर नवे स्फटिक वाढून माती उलट अधिक फुगू शकते. म्हणजे शेतीतले औषध न तपासता रस्त्याला लावणे घातक ठरू शकते. हे कळण्यासाठी कृषीचे आणि अभियांत्रिकीचे, दोन्ही ज्ञान लागते. देशभराच्या मृदा सर्वेक्षणाचे काम पाहणारी राष्ट्रीय संस्था नागपूरलाच आहे आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आपल्यापासून फार दूर नाही. आपल्या मुलीने या दोन्ही ठिकाणी जाऊन यावे. तिला महाविद्यालयात न मिळणारी माणसे तेथे भेटतील.

पुढील शिक्षणासाठी भूतंत्र अभियांत्रिकी (माती आणि पायाचे अभियांत्रिकी) हा विषय आयआयटी मुंबई, आयआयटी रुरकी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि पुण्याचे सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ येथे शिकवला जातो. रस्त्यांसाठी दिल्लीची केंद्रीय रस्ते संशोधन संस्था आणि राज्यात नाशिकची महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था यांच्या कामाची माहिती तिने आतापासूनच ठेवावी. संशोधन न रुचल्यास मृदा तपासणी करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत, महामार्गाच्या कामांवर किंवा गुणनियंत्रण प्रयोगशाळांत नोकरी मिळू शकते. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, बोअरच्या यंत्राजवळ उन्हात उभे राहावे लागते आणि काम बहुधा घरापासून दूर असते. मुलीला पाठविण्याबाबत आपल्या मनात संकोच असेल, तर तो तिच्याकडे बोलून दाखवावा. मनातल्या मनात ठेवून तिच्यासाठी निर्णय घेऊ नये.

तिची आवड कितपत टिकते हे पाहण्यासाठी एक काम सुचवितो. रस्त्याच्या कडेच्या एखाद्या भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन खुंट्या ठोकून, त्यांच्यातील अंतर दर पंधरा दिवसांनी मोजावे. त्याच ठिकाणची मीटरभर खोलीवरची माती प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून महाविद्यालयात न्यावी, भट्टीत वाळवून ओलावा काढावा आणि मुक्त फुगवण चाचणी करावी. या चाचणीत ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली, वाळवलेली १० ग्रॅम माती एका नळीत केरोसीनमध्ये आणि दुसऱ्या नळीत पाण्यात २४ तास ठेवतात. केरोसीनमध्ये ती फुगत नाही, म्हणून दोन्हींतील फरक मोजता येतो. केरोसीनमध्ये १० मिलिलिटर आणि पाण्यात १८ मिलिलिटर भरली, तर फुगवण ८० टक्के. सोबत आपल्या महसूल मंडळातील हवामान केंद्राची पावसाची नोंद लिहीत गेल्यास हाच तिचा अंतिम वर्षाचा प्रकल्प होऊ शकतो. ऑक्टोबरपर्यंत तिने एकही मोजणी चुकवली नाही, तर तिला एम.टेक. करू द्यावे, जुलैच्या चिखलातच ती कंटाळली, तर स्पर्धा परीक्षेच्या तयारीला पुरेसा वेळ तिच्या हाती असेल.

‘गेट’चे अर्ज साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरले जातात आणि परीक्षा फेब्रुवारीत होते. मोजणीचा निकाल काहीही लागो, तो अर्ज तिने यंदा भरावाच, कारण त्या गुणांना तीन वर्षे मुदत असते.